दोन भोवरे

पीयूषच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत.
जावळ काढलं तेव्हाच पाहिले मी,
त्याच्या आईला म्हटलं, बाई, दोन लग्नं करणार हा.
पदर तोंडाला लावून हसली होती.
डाव्या कानामागे मांजाची खूण, सहा टाके,
संक्रांतीला सक्करदऱ्याच्या एका गच्चीवरचे.
बावीस वर्षं हे डोकं माझ्या हाताखाली,
बाहेरून इंच न् इंच पाठ.

पोलीस भरतीत धावला, गोळा फेकला,
लेखीत दोन मार्कांनी राहिला.
पंधरा दिवस दाढीला आला नाही.
आला तो दादाच्या गाडीवर, मागे बसून.

दादाने आधी काहीच सांगितलं नाही म्हणे.
पावडरचा डबा दिला, जिमची चावी दिली,
आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेचे पैसे दिले
आणि दोन महिन्यांनी सहज विचारलं,
तुझे दोन मार्क कोणी खाल्ले बे?
उत्तर त्याच्याजवळ तयार होतं.
पण ते पोराच्याच तोंडून येईस्तोवर
तो थांबला.
घाई नसते अशा माणसांना.

मग माझ्या खुर्चीत बसून पीयूष बोलायला लागला.
आधी, मोकाट कुत्र्यांबद्दल बोलावं तसं.
पुढे, साथीबद्दल बोलावं तसं.
मागच्या गल्लीत भाड्यानं राहणारी परदेशी पोरं,
त्यांचं नाव नाही घ्यायचा, 'ते' म्हणायचा.
एकदा म्हणाला,
त्यांच्या केसांनी भांडी घासता येतील, काका.
दुकान हसलं.
मीही.
गिऱ्हाईक तोडू नये, बाप सांगून गेला होता.

चिसोमो मलावीचा, फार्मसीला.
पहिल्यांदा आला तेव्हा माझा कंगवा अडला.
त्यानंच शिकवलं, मशीन उलटी धरा, हळू.
नावाचा अर्थ कृपा, म्हणाला.
आमच्या तोंडात बसेना, आम्ही सोमू केलं.
हो म्हणाला.
तो बहुतेक सगळ्यालाच हो म्हणायचा.
कूलरपुढे उभा राहून कॉलर मागे ओढायचा,
तुमचा मे माणूस खातो, म्हणायचा,
आणि आम्ही सगळे, पीयूषसुद्धा एकदा, खरंच हसलो होतो.

त्याच मे महिन्यात, रात्री अकराला,
माणेवाड्याच्या पाणपोईजवळ पाच जण.
रॉड पीयूषच्या हातात.
मोबाइल दुसऱ्याच्या.
ते चित्रण मला ज्यानं त्यानं दाखवलं,
अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकानंसुद्धा.
त्यात एकदा पीयूष मागे वळून बघतो,
बक्षिसाला नाव पुकारलेलं पोर
आईबाप कुठे बसलेत ते बघतं, तसा.
दादा त्या चित्रात कुठेच नाही.

आई आली होती, पायरीवर बसली.
तुमच्या हाताखालचं पोट्टं, भाऊ,
तुमाले काईच समजलं नाई?
डोक्याला हात लावणाऱ्याला
आतलं कळतं, असं तिला वाटतं.
मी पाणी दिलं.
तिनं पेला हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

काल चिसोमो आला.
मेडिकलमध्ये अर्धं डोकं भादरलेलं,
उरलेलं सारखं करून हवं होतं.
चादर बांधली. सवयीनं टाके मोजले.
सतरा.
भोवरा एकच, मधोमध,
तिथून एक बोट अंतरावर सुरू होते शिवण.

आरशातून म्हणाला, तो इथेच बसायचा ना?
मी म्हटलं, हो.
काय बोलायचा?

मी मशीन सुरू केली.
जुनी आहे, फार आवाज करते.
त्यानं पुन्हा विचारलं असेल,
आरशात त्याचे ओठ हलले होते.